छातीवरची खिडकी

मुलुंड (पूर्व),
१८ डिसेंबर २०२४

प्रिय उत्तराताईस,

आमच्या सोसायटीने माझ्यावर एक अन्याय केला आहे. त्याची कुठेतरी लेखी नोंद असावी, म्हणून हे पत्र. जिन्यातल्या ट्यूबलाइट काढून तिथे माणूस ओळखणारे दिवे बसवले आहेत. ते सगळ्यांना ओळखतात, मला सोडून. पहिल्या मजल्यापर्यंत मी माणूस असतो. मग किल्ली काढायला जरा थांबलो, की दिवा मला भिंत समजतो आणि विझतो. मग अंधारात दोन्ही हात हलवायचे. काल वरून उतरणाऱ्या अनुपमावहिनींना वाटलं, मी त्यांना निरोप देतोय. त्यांनीही हात हलवला. सेक्रेटरी अंबादास लोखंडे यांच्याकडे तक्रार केली तर म्हणाले, "साहेब, चालत राहायचं, थांबायचं नाही." हा उपदेश त्रेपन्नाव्या वर्षी जिन्यात ऐकावा लागतो, ताई.

आता कामाचं. फोन करत नाही, कारण तूच सांगितलं आहेस की तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याला माझा आवाज आवडत नाही. पत्राला मुलुंडहून घाटकोपरला यायला पाच दिवस लागतात. घाटकोपर इथून पाचवं स्टेशन, तेव्हा पोस्टाचा हिशोब चोख आहे.

अंधेरीच्या एका कलादालनात युरोपातल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या छापील प्रतींचं प्रदर्शन भरतंय. चित्रांखाली लावायच्या कार्डांचा मराठी मजकूर माझ्याकडे आला आहे. वर्तमानपत्रात दर आठवड्याला लोकांची टिंगल करणाऱ्याला चित्रकलेतलंही कळत असणार, असा त्यांचा समज. तिथली मानसी नावाची मुलगी म्हणते, "सर, अभ्यासपूर्ण हवं, पण बोअर नको, आणि शंभर शब्दांत."

एका चित्रावर अडलो आहे, त्याची छोटी प्रत सोबत पाठवतो. सतराव्या शतकातलं, बरोक म्हणतात त्या पद्धतीचं. बरोक म्हणजे, मला समजलं तेवढं, अंधार भरपूर ठेवायचा आणि सगळा उजेड एका माणसावर ओतायचा. चित्रकाराचं नाव माहीत नाही, कॅप्टनचंही नाही. काळं चिलखत, कमरेला लाल पट्टा, एका हातात हातमोजा, दुसरा उघडा हात शिरस्त्राणावर. मागे धुरकट लढाई. मी लिहिलंय: 'कपाळावर झळकणारा हा प्रकाश म्हणजे विजयाचा आत्मविश्वास.' तू मामांच्या स्टुडिओत जन्म काढलास. मजकूर बरोबर आहे ना, एवढं सांग.

दुसरं. सव्वीस जानेवारीला सोसायटी 'आपल्या इमारतीचे वीर' असा फ्लेक्स लावणार आहे. वीर दोनच आहेत: बी विंगमधले निवृत्त सुभेदार लवू परब, आणि आमचे बाबा. बाबांचा गणवेशातला तो फोटो, मामांनी काढलेला, अंबादासना मोबाइलवर पाठवला. पण आमची प्रत पिवळी पडली आहे. तुझ्याकडे निगेटिव्ह असेलच. चार बाय सहा फुटांवर बाबा छान दिसतील.

तुझा,
नंदू


घाटकोपर (पश्चिम),
२४ डिसेंबर २०२४

नंदू,

दिव्याचं वाचलं. दिवा बरोबर ओळखतो तुला.

चित्र पाहिलं. विजय-बिजय काही नाही त्यात. तू कपाळ बघितलंस आणि थांबलास. सगळे तेच करतात. स्टुडिओत काम करणारा माणूस आधी गळा बघतो. या कॅप्टनच्या गळ्याशी चिलखत आणि मान यांच्यात दोन बोटं जागा आहे. खांद्याचा पत्रा खांद्याच्या बाहेर गेलाय. चिलखत त्याचं नाही. चित्रकाराकडचं असेल, जो येईल त्याला चढवायचा असेल. आमच्याकडे नव्हता का काळा कोट? निम्म्या घाटकोपरची लग्नं त्या कोटात जमली. नवरे बदलले, कोट तोच.

आता छातीकडे बघ. डाव्या बाजूला पांढरा चौकोन आहे ना, मध्ये फुली असलेला? तू त्याला चकाकी म्हणाला असशील. ती खिडकी आहे, चार काचांची, पत्र्यात उमटलेली. म्हणजे हा रणांगणावर नाही, खोलीत उभा आहे. मागची लढाई म्हणजे आमचा पडदा. आमच्याकडे कमळाचं तळं होतं, त्यांच्याकडे लढाई.

त्या खिडकीत एक उभी काळी रेघ आहे. भिंग घेऊन बघ. तिथे कोणीतरी उभं आहे. चित्रकार नव्हे. चित्रकार उजेडाच्या वाटेत उभा राहत नाही, तेवढी अक्कल त्याला असते. कॅप्टनचे डोळे तिकडे आहेत. ओठ आवळलेत, पण कपाळ सैल आहे. चिडलेला माणूस दोन्ही आवळतो. हा कोणासाठी तरी नीट उभा राहिलाय, एवढंच. फोटोला आलेली माणसं अशी उभी राहतात, सोबत आणलेल्या माणसाकडे एक डोळा ठेवून.

निगेटिव्हचं अवघड आहे. डबे माळ्यावर आहेत, माझे गुडघे खाली. आणि फ्लेक्सवर जुने फोटो फाटतात रे, नाक कुठे, डोळा कुठे. परब सुभेदारांचा एकट्यांचा लावा. शोभून दिसेल.

आत्याला नमस्कार सांग. तिला या फ्लेक्सचं सांगितलंस का?

उत्तरा


मुलुंड,
२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुझ्या नजरेला तोड नाही. चिलखत उसनं असल्याचं आणि खिडकीचं, दोन्ही मी मजकुरात जसंच्या तसं उचललं. मानसी फोनवर ओरडली, "सर, काय ऑब्झर्व्हेशन आहे तुमचं! अंगावर काटा आला." मी तिच्या अंगावरचा काटा मोडला नाही.

भावनेच्या बाबतीत मात्र तू घसरलीस. नीट उभा राहिलाय म्हणजे काय? त्याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात. तुझं पत्र वाचल्यावर मी बाबांचा फोटो काढून कॅप्टनच्या शेजारी ठेवला आणि थक्क झालो. तोच उजेड, डावीकडून, कपाळावर. तेच आवळलेले ओठ. नजरही तशीच, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, दूर कुठेतरी. सीमेवर, म्हण. ताई, मी सगळ्या जगाची चेष्टा करतो, पण या एका फोटोसमोर माझी जीभ चालत नाही. लहानपणापासून कोणी काही बोललं की मला हा फोटो पुरायचा.

आईला फ्लेक्सचं सांगितलं नाही. तिला अचानक दाखवणार आहे.

परब सुभेदार स्वतः बाबांबद्दल दोन शब्द बोलणार आहेत. जिन्यात भेटले तेव्हा विचारत होते, "वडील कुठल्या युनिटात होते?" मला आठवेना. बाबा युद्धाबद्दल कधी बोललेच नाहीत. खरे सैनिक बोलत नाहीत म्हणतात. टोपीवरचा बिल्ला आमच्या प्रतीत पुसट आहे. निगेटिव्हमध्ये वाचता येईल. गुडघ्यांची अडचण असेल तर मी रविवारी येऊन माळ्यावर चढतो.

नंदू


घाटकोपर,
८ जानेवारी २०२५

नंदू,

रविवारी येऊ नकोस. माळ्यावर चढायची गरज नाही. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

तो गणवेश स्टुडिओचा होता.

एकाहत्तरचं युद्ध संपल्यावर जो उठतो त्याला गणवेशात फोटो हवा होता. तुझ्या मामांनी नाटकांना कपडे पुरवणाऱ्या एका ड्रेपरीवाल्याकडून जुना सेट घेतला. कोट मोठा होता, म्हणून मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. तुझ्या बाबांना पाच लागले. मी मोजून लावले. बहात्तरचा एप्रिल. मी दहा वर्षांची होते, उजव्या हाताला पांढरी चादर धरून उभी होते, सावली फार काळी पडू नये म्हणून. बाबांच्या उजव्या गालावर जो मऊ उजेड आहे ना, तो माझ्या चादरीचा आहे. हात भरून आले होते, म्हणून खाली थोडा कमी पडलाय.

काका, म्हणजे तुझे बाबा, सैन्यात नव्हते रे. ते आयुष्यभर गिरणीच्या रंगखात्यात होते. तुलाही हे माहीत आहे. तू धरून चाललास की त्याआधी दोन-तीन वर्षं सैन्यात असतील. कोणी तुला तसं सांगितलं, ते मला ठाऊक नाही. पण एकदा दिवाळीला तू तुमच्या खोलीत सगळ्यांसमोर "माझे बाबा युद्धात होते" म्हणालास आणि काका खाली बघत चकली मोडत राहिले. आत्या शेजारी बसली होती. मला वाटलं, पूर्वी सैन्यात होतो असं तिलाही त्यांनी सांगितलं असेल. लग्नाआधी माणसं काय काय सांगतात. तेव्हापासून गप्प राहिले, ती आत्यासाठी.

आताही राहिले असते. पण परब सुभेदार चार फूट रुंद फोटोसमोर उभे राहणार. त्यांना बिल्ला वाचायला निगेटिव्ह लागणार नाही. माणूस गेल्यावर त्याला भर सोसायटीत खोटं पाडायचं, तेही त्याने कधी न मारलेल्या बढाईसाठी, हे मला बघवणार नाही.

ते सीमेकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या बाजूला कोण उभं होतं, ते आत्याला विचार. विचारवत असेल तर.

उत्तरा


मुलुंड,
१४ जानेवारी २०२५

श्रीमती उत्तरा धुरी यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण तेव्हा दहा वर्षांच्या होतात. दहा वर्षांच्या मुलीची आठवण आणि एक चादर, एवढ्यावर एखाद्या माणसाची हयात पुसता येत नाही. स्टुडिओत एक गणवेश होता, म्हणून बाबांच्या अंगावर तोच होता, हे सिद्ध होत नाही.

फ्लेक्स छापायला गेला आहे.

नंदकुमार तळवडेकर


घाटकोपर,
२० जानेवारी २०२५
(स्पीडपोस्टने)

श्रीयुत तळवडेकर,

सोबत सात फोटो आहेत, सगळे गणवेशातले. काल निगेटिव्हवरून छापले. एक तुझ्या बाबांचा. बाकी सहांपैकी एक आमचा दूधवाला, एक बँकेतला शिपाई, एक दाखवायला आलेला नवरा मुलगा. बाकीच्यांची नावं मला आठवत नाहीत. मी दहा वर्षांची होते.

सातही जणांच्या डाव्या खिशाचं बटण वेगळं आहे. ते शर्टाचं आहे. माझ्या आईने लावलंय.

पुढे तुझी मर्जी.

उत्तरा


मुलुंड,
२८ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

मायना पूर्ववत केला आहे. मागच्या पत्रातला 'आपण' मला टोचतोय, तुला टोचला नसेल, कारण तू हसली असशील.

तुझा लिफाफा बावीस तारखेला आला. बटण बघितलं. मग दुपारभर काही केलं नाही. संध्याकाळी सातही फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले आणि आईला हाक मारली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. शहात्तर वर्षांची बाई, धक्का बसू नये म्हणून पाण्याचा पेलाही भरून ठेवला होता.

तिने चष्मा लावला, एकेक फोटो उचलला आणि खो खो हसायला लागली. "ह्यो बघ, ह्येका टोपी केवढी झाली! आणि ह्यो दूधवालो मां?"

"आई, तुला माहीत होतं?"

"माका काय विचारतंस? भावाचो स्टुडिओ. त्या कोटाक इस्त्री मीच करी होतंय."

"मग बाबा युद्धात होते, हे मला कोणी सांगितलं?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोणी म्हणजे? तूच सांगलंस."

मी चौथीत होतो म्हणे. बाईंनी वर्गात सगळ्यांना वडिलांबद्दल विचारलं. मी हा फोटो दप्तरातून नेला होता. जे सांगितलं ते एवढं रंगवून, की बाई शनिवारी घरी आल्या, वीरपुरुषाला भेटायला. बाबा पाळीवरून आले होते, कोपरापर्यंत हिरवे. बाई हात जोडून उभ्या आणि मी दारात, छाती काढून. आई म्हणाली, "तुझो चेहरो बघलो आणि तेंच्या तोंडातसून 'नाय' काय बाहेर पडला नाय. मगे पडायचाच रवला."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. फोटो तेवढा आठवतो. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या थापा उघड्या पाडून सदर चालवतोय, ताई. आमच्या घरातली सगळ्यात टिकाऊ थाप मी नवव्या वर्षी मारली, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा एकटा मीच होतो. बाबांनी ती तीस वर्षं निमूट अंगावर वागवली. पाच चिमटे लावून.

आईने निरोप दिला आहे: "उत्तराक सांग, तू माझ्यासाठी गप रवलंस, मी ह्येच्यासाठी. आता दोघी बोलूया."

आणि हो, विचारलं. कॅमेऱ्याच्या बाजूला आई उभी होती, मला काखोटीला मारून. मी आठ महिन्यांचा. दिवा डोळ्यांवर आला म्हणून भोकाड पसरलं होतं. बाबा माझ्याकडे बघतायत. ते आवळलेले ओठ, ती दूरची नजर, जिला मी सीमेवर नेऊन उभी केली होती, ती पोरगं थांबतंय का नाही एवढंच बघत होती.

पंचवीस तारखेला सकाळी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. फ्लेक्स येऊन पडला होता. परब सुभेदार चहा पीत बसले होते. मला वाटलं होतं, अंबादासना बाजूला घेऊन सांगावं. पण ते ऑफिस एवढंसं आहे, बाजू नाही त्याला.

"लोखंडे, बाबांचा फोटो काढा. ते सैन्यात नव्हते."

सदरात एवढं छोटं वाक्य मी कधी लिहिलेलं नाही.

अंबादास म्हणाले, "मग कशात होते?"

"गिरणीत. रंगखात्यात."

"अहो, पण छापून आलाय!"

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "लोखंड्यांनी फोटो दाखवला त्या दिवशीच मला दिसलं. पुसट असला तरी टोपीवर एका पलटणीचा बिल्ला, खांद्यावर दुसऱ्याच पलटणीचा. पट्टा तर पोलिसांचा."

"मग मला युनिट का विचारलंत?"

"म्हटलं, तुम्ही स्वतः सांगता का बघू. नाहीतर मी फक्त 'तळवडेकर चांगले गृहस्थ होते' एवढंच बोलणार होतो. ते तर खरंच होतं ना?"

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "एकाहत्तरला मुंबईतच होते?" हे आईने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ब्लॅकआउटच्या दिवसांत बाबा दंडाला पट्टी बांधून वस्तीतून फिरायचे, शिट्टी फुंकत, खिडक्यांतले दिवे विझवायला लावत. लोक शिव्या घालायचे. सुभेदार म्हणाले, "घालणारच. आम्हाला निदान समोरचा शत्रू तरी शिव्या घालायचा." आणि उरलेला चहा प्यायले.

अंबादासनी कात्री मागवली आणि बाबांना कापून काढलं. सव्वीस तारखेला फ्लेक्सवर डाव्या बाजूला सुभेदार आणि उजव्या बाजूला चार फुटांचं भोक होतं, त्यातून पलीकडचं पार्किंग दिसत होतं. कोणी काही विचारलं नाही. लोकांनी भोकासकट सेल्फी काढले. आई खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, "ह्या मोकळा कित्याक?" मी म्हटलं, "वारा जायला." कापलेला तुकडा मी घरी आणलाय. एवढ्या मोठ्या बाबांचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.

आता कॅप्टन. कर्तव्यनिष्ठा काढली, आत्मविश्वासही काढला. नवा मजकूर असा:

'हा माणूस युद्धावर नाही. त्याच्या छातीवरच्या पत्र्यात खिडकी उमटली आहे, म्हणजे तो एका खोलीत उभा आहे. चिलखत गळ्याशी सैल आहे. ते बहुधा त्याचं नाही. उजेड त्याच्या कपाळावर आणि उघड्या हातावर पडला आहे, पण तो उजेडाकडे बघत नाही. खिडकीशी कोणीतरी उभं आहे, त्याच्याकडे बघतो आहे. ते कोण, हे चित्रकाराने रंगवलेलं नाही.'

मानसी म्हणाली, "सर, शेवटी भावना कुठली ते लिहा ना, लोकांना कळायला हवं." मी म्हटलं, लोकांना उभं राहून बघू दे.

मग तिला सांगितलं की चिलखताचं आणि खिडकीचं निरीक्षण माझं नाही, मागच्या वेळी बोलायचं राहून गेलं, तेव्हा नाव उत्तराताईचं घाल. ती म्हणाली, "सर, कार्ड डिझाइनला गेलंय, खाली एकाच नावाची जागा आहे."

"मग माझं काढ."

मग तिने विचारलं, "पूर्ण नाव काय लिहू?"

उत्तरा धुरी, छायाचित्रकार, घाटकोपर, असं सांगितलं आहे.

नंदू